बाद फेरीचे कर्नलसाहेब

२००७ साली अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळातली संध्याकाळची आरती दीड तास आधी उरकण्यात आली. त्याला कारणही तसेच होते. २४ सप्टेंबरचा तो दिवस. जोहान्सबर्गला पहिल्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि समोर पाकिस्तान. आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेपाचला खेळ सुरू व्हायचा होता. आम्ही तेव्हा पॉलिटेक्निकची पदविका घेऊन सरकारी नोकरीत नुकतेच रुळलो होतो. साहेबांची परवानगी काढून चारलाच कचेरीतून निघालो. मंडपात येऊन पाहतो तो प्रसादापेक्षा अंदाजांचेच वाटप जोरात चाललेले. नाणेफेक कोणी जिंकावी, युवराजची बॅट आजही तळपेल का, उमर गुलची चार षटके कशी काढावीत, धोनी नवा कर्णधार, त्याला हे दडपण झेपेल का. आम्हीही आमचे दोन आणे त्यात टाकले.

खुर्चीवर बसलेले एक वयोवृद्ध काका हे सारे शांतपणे ऐकत होते. होळकरी अमलातला इंदूर पाहिलेला माणूस. त्यांनी आम्हा तरुणांना एकच प्रश्न विचारला. भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार कोण होता, आणि तो माणूस राहत कुठे होता? पहिल्या अर्ध्याचे उत्तर दोघांना आले. दुसऱ्या अर्ध्याचे कोणालाच आले नाही. काकांनी हातातली काठी जमिनीवर टेकवली आणि इथेच, आपल्या इंदुरात, असे सांगून ते घरी गेले. सामना त्यांनी घरीच पाहिला असावा.

भारत पाच धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी रात्री गिरण्यांच्या झांक्या निघाल्या तेव्हा रस्त्यावर गुलाल कुठला विसर्जनाचा आणि कुठला विजयाचा हे कळत नव्हते. आम्ही मात्र काकांच्या प्रश्नाने थोडे खजील होतो. ज्या गावात जन्मलो, वाढलो, नोकरीला लागलो, त्या गावच्या माणसाबद्दल आम्हाला चार वाक्येही धड सांगता येत नव्हती. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. आज स्मरणिकेच्या निमित्ताने ते आपल्यापुढे ठेवतो आहोत.

कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर. घर तेलुगु, सुशिक्षित आणि सुखवस्तू. शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप शाळेत. आपण इंदूरकर मराठी माणसे पिढ्यानपिढ्या मूळ गाव एक आणि कर्मभूमी दुसरी असे जगत आलो आहोत. नायडूंचे घराणेही तसेच. भाषा आंध्रची, जन्म विदर्भाचा आणि नाव झाले ते माळव्यात.

त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी स्पर्धा मुंबईची चौरंगी. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ, आणि पद्धत बादची. हरला तो घरी गेला. वर्षभर वाट पाहायची आणि एका सामन्यात सारे संपायचे. याच स्पर्धेत १९१६ साली हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध एकवीस वर्षांचा नायडू प्रथम उतरला. सुरुवातीचे चेंडू नुसते अडवले आणि पहिल्या धावा काढल्या त्या षटकारानेच, अशी नोंद आहे. समोर राज्यकर्त्यांचा संघ, स्पर्धा बादची, गाव परके, आणि पोराचा पहिलाच फटका सीमेपार. माणसाचा पिंड काय होता हे त्या एका फटक्यात दिसते.

१९२३ मध्ये महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. पुढे ते होळकरांच्या फौजेत कर्नल झाले आणि साऱ्या देशात कर्नल सी. के. नायडू म्हणूनच ओळखले गेले. सहा फुटांहून उंच, काठीसारखा सरळ बांधा, गळ्याला रुमाल, चालणे कवायतीचे. शिस्त इतकी कडक की बरोबरीचे खेळाडूही त्यांच्यापुढे जपून असत. इंदूरचाच सय्यद मुश्ताक अली हा पोर वयात असताना त्यांच्या नजरेस पडला. त्याला त्यांनी हाताशी धरून घडवले. हाच मुश्ताक पुढे १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक काढणारा पहिला भारतीय ठरला.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस भारतीय क्रिकेटच्या पंचांगात लाल अक्षरात लिहावा असा. आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून एम. सी. सी.चा संघ आला होता. मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्ध सामना. नायडू खेळायला आले आणि त्यांनी १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार आणि १३ चौकार. आज वीस षटकांच्या सामन्यातही एका डावात अकरा षटकार मारणारा माणूस दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, त्या काळच्या हलक्या बॅटची. लोक कचेऱ्या सोडून, झाडांवर आणि गच्च्यांवर चढून खेळ पाहायला जमले होते. पाहुण्यांनीच त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानी माणूस इंग्रजांशी त्यांच्याच खेळात बरोबरीने खेळू शकतो, हे गिलिगनने त्या दौऱ्यात पाहिले आणि मोकळेपणाने मान्य केले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारताचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

मग आले १९३२ साल आणि इंग्लंडचा दौरा. आज कर्णधार निवडताना धावा आणि विजय मोजतात. तेव्हा आधी गादी पाहत. संघाचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र. पोरबंदरच्या महाराजांचा मोठेपणा असा की आपण खेळाडू म्हणून कुठे उभे आहोत हे त्यांनी ओळखले आणि कसोटीतून स्वतः बाजूला झाले. उपकर्णधार जखमी. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेले ते आमचे कर्नलसाहेब, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. राजघराण्यातला नसलेल्या माणसाच्या हाताखाली खेळणे संघातल्या काहींना जड गेले, हेही त्या दौऱ्याच्या इतिहासात नोंदलेले आहे.

पहिल्या सकाळी महंमद निसारने सटक्लिफ आणि होम्स या दोघांचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. अर्ध्या तासात लॉर्ड्सवर शांतता पसरली. पुढे डग्लस जार्डीनने दोन्ही डावांत खिंड लढवली आणि भारत १५८ धावांनी हरला. झेल घेण्याच्या प्रयत्नात नायडूंच्या हाताला इजा झाली होती. त्याच हाताने खेळून पहिल्या डावात त्यांनी ४० धावा केल्या, आणि त्याच भारताकडून त्या डावातल्या सर्वाधिक ठरल्या. दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा आणि ६५ बळी मिळवले. बर्मिंगहॅमला मारलेला त्यांचा एक षटकार रिआ नदीपलीकडे गेला. त्या काळी ती नदी दोन परगण्यांची हद्द होती, त्यामुळे चेंडू वॉर्विकशायरमधून निघाला आणि वूस्टरशायरमध्ये पडला असे तिथले लोक कौतुकाने सांगत. १९३३ मध्ये विस्डेनने वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

इथे थोडे थांबू. कारण त्यांच्या यशाची यादी वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटते. कर्नलसाहेब भारताकडून सात कसोटी सामने खेळले. त्यांतला एकही भारताने जिंकला नाही. चार सामन्यांत ते कर्णधार होते, त्यांतले तीन हरले आणि कलकत्त्याचा एक अनिर्णित राहिला. १९३३-३४ मध्ये जार्डीनचा संघ भारतात आला तेव्हा मुंबईत, देशातल्या पहिल्यावहिल्या कसोटीत, लाला अमरनाथने ११८ धावा केल्या. समोरून साथ होती कर्णधाराची, ६७ धावांची. दोघांनी मिळून १८६ धावांची भागी रचली, साऱ्या मैदानाला वेड लागले, आणि तरी सामना हातातून गेला.

१९३६ च्या दौऱ्यात तर त्यांच्यावर आणखी कठीण वेळ आली. कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळात जो सर्वांत मोठा, त्याला खेळात सर्वांत कच्च्या असलेल्या माणसाच्या हुकमात उभे राहावे लागले. संघात गट पडले, कागाळ्या झाल्या, अमरनाथला अर्ध्या दौऱ्यातून परत पाठवले गेले. त्या कलहात कर्नलसाहेबही अलिप्त राहू शकले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. ते करारी होते, शब्द तोलून वापरणारे नव्हते, आणि त्यांच्या शिस्तीचा काच अनेकांना बोचत असे. पण ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलनचा उसळता चेंडू त्यांच्या छातीखाली बसला तेव्हा ते मैदान सोडून गेले नाहीत. तसेच उभे राहून ८१ धावा केल्या. कसोटीतली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या, आणि तीच त्यांची शेवटची कसोटी. वय चाळीस.

चाळिशी म्हणजे आमचे आजचे वय. या वयात आम्ही कचेरीत दोन मजले चढून गेलो की कठड्याला धरून उभे राहतो. कर्नलसाहेबांची बाद फेरीची खरी कहाणी मात्र इथून पुढे आहे.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. आजच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण त्या काळी ही स्पर्धा पहिल्या सामन्यापासून बाद पद्धतीची होती. विभागात साखळी सामने आले ते १९५७-५८ पासून. म्हणजे कर्नलसाहेब रणजीत जे जे सामने खेळले, ते सगळे एकाच धाग्याला लटकलेले. आधी मध्य भारताकडून, आणि १९४१-४२ पासून होळकर संघाकडून. यशवंतराव होळकर महाराजांचा आश्रय, यशवंत क्लबचे मैदान आणि कर्नलसाहेबांची करडी नजर, यांतून हा संघ तयार झाला. त्यातली नावे पाहिली की आपल्याच गल्लीतली हजेरी वाचल्यासारखे वाटते. चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड, आणि त्यांच्या बरोबरीने मुश्ताक अली आणि कर्नलसाहेबांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू. कोणाची भाषा कोणती, धर्म कोणता, हा प्रश्न त्या संघात उरला नव्हता.

१९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर संघ आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचला. त्यांत चार वेळा जिंकला आणि चार वेळा हरला. ही चाराला चार बरोबरी आम्हाला फार बोलकी वाटते.

पहिला अंतिम सामना मुंबईत, मुंबईविरुद्ध. महूच्या छावणीत नोकरीला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंटच्या २७८. होळकरांनीही हार मानली नाही. मुश्ताकने दोन्ही डावांत शतके काढली, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. सी. एस. नायडूंनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले आणि ११ बळी घेतले. एका सामन्यात कोणीही टाकलेल्या चेंडूंचा तो विक्रम आहे. सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या आणि होळकर ३७४ धावांनी हरले. इतके करून हाती काय, तर मुंबईहून इंदूरचे परतीचे तिकीट.

दुसऱ्या वर्षी तेच लोक पुन्हा मैदानावर आले. १९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध इंदुरात होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, कर्नलसाहेब, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशा सहा जणांनी एकाच डावात शतके ठोकली. असे त्याआधी जगात कुठे घडले नव्हते. अंतिम सामना इंदुरातच, बडोद्याशी. एकीकडे होळकर, दुसरीकडे गायकवाड. दोन्ही मराठी संस्थानांच्या राजधान्या, दोन्हीकडे आपलीच माणसे, आणि सोयरिकी तर इतक्या की कोणी कोणाची बाजू घ्यावी यावरून घराघरांत वाद. होळकरांच्या पहिल्या डावात ३४२ धावा झाल्या. त्यांतल्या २०० एकट्या कर्नलसाहेबांच्या. वय पन्नास. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि रणजी करंडक प्रथमच माळव्यात आला. त्यांच्या दोनशे बाजूला काढल्या तर हा सामना कोणाचा होता, हे सांगायला हिशेबनीस नको.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पण बाद फेरी कोणाची कायमची देणेकरी नसते. पुढच्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचा गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. जगातला हा विक्रम पुढे एकोणसाठ वर्षे टिकला. बडोद्याच्या ७८४ धावा आणि होळकरांचा एक डाव व ४०९ धावांनी पराभव. एक्कावन्न वर्षांचा कर्णधार त्या उन्हात क्षेत्ररक्षण लावत उभा. गेल्या वर्षीच्या दोनशे धावांचे कौतुक त्या मैदानावर कोणाच्या कामाचे नव्हते.

आणि १९४७-४८ मध्ये? पुन्हा अंतिम फेरी, इंदुरात, समोर मुंबई, आणि होळकरांचा नऊ गडी राखून विजय. तीन वर्षांपूर्वीचे देणे व्याजासह फिटले. तो हंगाम संपला आणि १९४८ मध्येच होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले तरी होळकर हे नाव क्रिकेटच्या मैदानावर आणखी काही वर्षे राहिले. १९५०-५१ मध्ये गुजरातला हरवून, १९५२-५३ मध्ये कलकत्त्याला बंगालला मागे टाकून करंडक पुन्हा इंदुरात आला. मधल्या वर्षी मुंबईने ५३१ धावांनी धुतले तेही याच ओळीत लिहायचे. दत्तू फडकरांच्या उसळत्या चेंडूने कर्नलसाहेबांचे दात पडले आणि ते बाजूला सारून त्यांनी पुढचा चेंडू खेळायला पवित्रा घेतला, ही आठवण जुने इंदूरकर अजून सांगतात. त्या वेळी त्यांची पन्नाशी केव्हाच उलटली होती.

यातही एक योगायोग आहे. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होते विजय हजारे. बडोद्यात ज्यांनी कर्नलसाहेबांना दिवसभर उन्हात ताटकळत ठेवले, तेच. कर्नलसाहेबांना स्वतःला जे कधी मिळाले नाही, ते त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून देशाला मिळाले. आणि त्या ५७७ धावांतला दुसरा भागीदार गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळला. १९३२ च्या लॉर्ड्सवर भारताकडून इंग्लंडची दाणादाण उडवणारा निसारही फाळणीनंतर तिकडचाच झाला. आज ज्या दोन संघांच्या सामन्याआधी आपला श्वास अडकतो, त्या दोन्हींकडचे पूर्वज एकेकाळी कर्नलसाहेबांच्या आज्ञेत किंवा त्यांच्या समोर याच मैदानांवर खेळलेले आहेत.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. षष्ट्यब्दीनंतर माणसे तीर्थयात्रेला निघतात, हे पॅड बांधून निघाले. शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तोही मदतनिधीसाठी. १९१६ ते १९६३ असा हा प्रवास. २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक झाल्या. त्यांच्या नावाचा करंडक तरुण खेळाडूंसाठी आजही खेळला जातो, आणि क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

आता पुढच्या वेळी भारत-पाकिस्तान बाद फेरीचा सामना येईल. मंडपात पुन्हा अंदाज सुरू होतील, आणि आम्हीही करू, त्याशिवाय मजा नाही. नाणेफेक, खेळपट्टी, पहिली सहा षटके, शेवटची चार षटके, सगळे बोलू. पण हरलो तर काय, हा प्रश्न आला की आपल्याकडे एकदम टोकाची भाषा निघते. टीव्ही फोडा, कर्णधार बदला, अमक्याला घरी बसवा. तेव्हा आम्हाला चाराला चार हा हिशेब आठवतो. एक डाव आणि ४०९ धावांनी हरून आलेला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी गाठतो आणि नऊ गडी राखून जिंकतो. देशासाठी एकही कसोटी न जिंकलेला कर्णधार देशाचा पहिला आणि आदराचा कर्णधार म्हणून राहतो. बाद होतो तो सामना. खेळणारा माणूस बाद व्हायचा की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे असते.

आपण गणपती दहा दिवस बसवतो, जीव लावतो आणि अनंत चतुर्दशीला पाण्यात सोडून रिकाम्या पाटासह घरी येतो. त्या वेळी कोणी सगळे संपले असे म्हणत नाही. पुढच्या वर्षी लवकर या असेच म्हणतो, आणि खरोखर पुढच्या वर्षी मांडव घालतो. कर्नलसाहेबांनी नऊ वर्षे इंदूरच्या मैदानावर वेगळे काय केले?

काका आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आज आमच्या मंडळातल्या शाळकरी पोरांनाही येते, एवढे काम आम्ही केले आहे. आपणही आपल्या घरी विचारून पाहा.